पाळणाघरातली मोजदाद: नव्या ताईंसाठी

जळगावात पाळणाघर चालवायला लागून मला सोळा वर्षं झाली. कामाला येणारी नवी ताई पहिल्याच दिवशी हमखास विचारते, "मुलं ऐकत नाहीत तेव्हा काय करायचं?" मी तिला सांगते, ते पुढच्या आठवड्यात बघू, आधी मोजायला शिका. डोकी मोजा, औषधाचे थेंब मोजा, ताप मोजा, पाणी मोजा. मुलांच्या शिस्तीचा नंबर बराच मागे लागतो. तोवर आपल्याला शिस्त लागलेली असली पाहिजे.

पुढे लिहिलंय ते दिवसाच्या क्रमाने लिहिलंय, कारण कामही त्याच क्रमाने अंगावर येतं.

दार उघडण्याआधी

मुलं साडेसातला यायला लागतात, तुम्ही सातला या. आल्याबरोबर झाडू घेऊ नका. गुडघ्यांवर बसून एकदा खोलीभर रांगा. हसू येईल, येऊ द्या. उभ्याने न दिसणारं सगळं त्या उंचीवरून दिसतं: पलंगाखालचा शेंगदाणा, गादीत अडकलेली सेफ्टी पिन, प्लगचं उघडं भोक, खेळण्यातून निसटलेला चपटा गोल सेल. या सेलची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते. तो गिळला जाऊन अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला लागतं. मुलाने तो गिळल्याची नुसती शंका आली तरी शीतून बाहेर पडायची वाट न बघता सरळ दवाखाना गाठायचा. ज्या खेळण्याच्या सेलच्या झाकणाला स्क्रू नाही, ते खेळणं आमच्याकडे आत येत नाही.

मग संडास धुवायचं अ‍ॅसिड, फिनेल आणि उंदीर मारायची पेस्ट. ही पेस्ट मुलांना टूथपेस्टसारखी दिसते, म्हणून ती पाळणाघरात ठेवायचीच नाही. फिनेल कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवायची आपल्याकडे सवय आहे, तीही मोडा. शेतावर काम करणाऱ्या पालकांच्या पिशवीत फवारणीचं औषध लागलेला रुमाल किंवा हातमोजे असू शकतात. कपाशीच्या दिवसांत ही पिशवी दाराबाहेर खुंटीला अडकवायची.

आता कूलर. खानदेशात मार्चपासून पाऊस पडेपर्यंत त्याच्याशिवाय गत नाही, आणि माझ्या मते पाळणाघरातली सर्वांत धोक्याची वस्तू तीच आहे. पत्र्याची बॉडी, पोटात पाणी, खाली ओली फरशी आणि भोवती ओल्या हातांची पोरं. आमच्या चौथ्या उन्हाळ्यात मदतनीस मावशी चालू कूलरमध्ये पाणी ओतत होत्या आणि त्यांना असा झटका बसला की त्या भिंतीवर आदळल्या. पंपाची वायर घासून उघडी पडली होती. त्यांच्या मागेच दोन वर्षांची एक मुलगी उभी होती. त्या दिवशी संध्याकाळी वायरमन बोलावून मेन बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा खटका, बसवून घेतला. आमचा वायरमन त्याला ईएलसीबीच म्हणतो. महिन्यातून एकदा त्याचं टेस्टचं बटण दाबून बघा, खटका पडला पाहिजे. कूलरला तीन पिनांचा प्लग आणि खरीखुरी अर्थिंग हवी. तो खिडकीबाहेर स्टँडवर हवा आणि पाणी भरताना प्लग काढलेला हवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

त्याच कूलरमध्ये डेंगीचा डासही होतो. अंड्यातून डास उडायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून, आतून घासून, उन्हात कोरडी करायची. घासणं महत्त्वाचं आहे, कारण अंडी पत्र्याला चिकटलेली असतात. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे पिंप, हौद, बादल्या भरलेल्याच असतात. पिंपाला झाकण आणि झाकणावर वजन हवं, बादली वापर झाला की पालथी. तान्हं मूल बादलीतल्या चार बोटं पाण्यातही बुडू शकतं, आणि बुडताना आवाज होत नाही.

दारात मूल ताब्यात घेताना

मूल घेताना घाई करू नका, पालक कितीही घाईत असोत. तीन प्रश्न विचारा: शेवटचं कधी खाल्लं, कधी झोपलं, कुठलं औषध कधी दिलं. तिसरा प्रश्न जरा रोखूनच विचारावा लागतो. सातला तापाचं सिरप पाजून आणलेलं मूल दारात हसतं-खेळतं असतं आणि अकराला फणफणतं. आईला बोल लावू नका, तिची रजा संपलेली असते. पण उत्तर घेतल्याशिवाय मूलही घेऊ नका.

अंगावर खरचटलेलं, काळंनिळं, भाजलेलं काही असेल तर ते पालकांसमोरच वहीत लिहून सही घ्या. यात दोघांचंही भलं आहे. असे व्रण पुन्हापुन्हा, विचित्र जागी दिसायला लागले तर गप्प बसायचं नाही. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा ठरतो. मुलाला पुन्हापुन्हा खोदून विचारायचं काम आपलं नाही. १०९८ हा बालकांसाठीचा मदतक्रमांक भिंतीवर लिहिलेला असू द्या.

कोणत्या आजारात मूल घ्यायचं नाही, हे प्रवेशाच्या दिवशीच लेखी द्या. आमचा नियम असा: १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप असेल तर नाही. जुलाब-उलट्या थांबून एक अख्खा दिवस जाईपर्यंत नाही. कांजिण्यांचे सगळे फोड सुकून खपली धरेपर्यंत नाही, गोवराचं पुरळ उठल्यापासून चार दिवस नाही. नुसतं नाक वाहत असेल तर घेतो. तेवढ्यासाठी परत पाठवलं तर श्रावणभर पाळणाघर रिकामं राहील. लसीकरणाच्या कार्डाची प्रत फाइलला लावा आणि नऊ महिन्यांची व सोळा ते चोवीस महिन्यांची अशा गोवर-रुबेलाच्या दोन्ही मात्रा झाल्यात का, ते बघा. पहिली झाल्यावर दुसरी विसरणारे पालक पुष्कळ.

गळ्यातला काळा दोरा, ताईत, चांदीची पेटी यांचं काय? झोपेत दोरा आवळला जातो, म्हणून गळ्यात काहीही चालणार नाही असं आम्ही सांगतो. आज्या नाराज होतात. तोच दोरा कंबरेला किंवा पायात बांधू म्हटलं की बहुतेक राजी होतात, दृष्टीला कुठलीही जागा चालते. काजळ आम्ही घालत नाही, घरून घातलेलं असेल तर बोलत नाही. प्रत्येक गोष्टीवर भांडत बसलं तर महत्त्वाची भांडणं हरतो.

औषधाबाबत मात्र मी जराही सैल नाही. डॉक्टरांची चिठ्ठी, मूळ बाटली, पालकांनी स्वतः लिहिलेली मात्रा आणि वेळ, आणि देताना दोघींनी वाचायचं. कारण सांगते. पॅरासिटामॉलच्या ड्रॉप्समध्ये साधारणपणे १ मिलीत १०० मिलीग्रॅम औषध असतं. साध्या सिरपमध्ये तेवढंच, म्हणजे १२० ते १२५ मिलीग्रॅम, ५ मिलीत असतं. सिरप समजून ड्रॉप्सचा एक चमचा पाजला तर बाळाच्या पोटात चौपट औषध जातं. दोन्ही बाटल्यांवर नाव तेच, चवही गोडच. सर्दीच्या काही मिश्र औषधांवर 'चार वर्षांखालील मुलांना देऊ नये' असं लिहिलेलं असतं, तेही वाचा. बाळघुटी, गुटी, कुणाच्या तरी गावाकडचं चाटण यातलं काहीही आपल्या हातून जायचं नाही. एक वर्षाच्या आत मधही नाही, बोटभरसुद्धा नाही.

किती मुलांना किती जणी

२०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी आली. आईला दिवसातून चारदा मुलाकडे जाऊन येण्याची मुभाही मिळाली. पाठोपाठ २०१८ साली केंद्राने किमान निकष काढले. त्यात तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक आणि त्यावरच्या वीस मुलांमागे एक ताई, असं प्रमाण आहे. ते किमान आहे हे विसरू नका. एका वर्षाच्या आतली तीन बाळं असली की एक बाई संपली, हा माझा अनुभव.

दाराजवळ एक पाटी आणि खडू ठेवा. मूल आलं की आकडा वाढवा, गेलं की कमी करा. अंगणातून आत येताना, जेवायला बसताना, झोपवल्यावर, उठल्यावर डोकी मोजून आकडा मोठ्याने म्हणा, दुसरीने "बरोबर" म्हणायचं. एकदा आमच्याकडे पाटीवर चौदा आणि खोलीत तेरा झाले. चार मिनिटं आम्ही हौद, रस्ता, गच्ची धुंडाळत होतो. पोरगा गाद्यांच्या ढिगामागे ढाराढूर झोपलेला होता. ती चार मिनिटं मला अजून आठवतात, म्हणून पाटी आहे.

खाणं

आपल्याकडे मुलं जमिनीवर बसून जेवतात, ते चांगलंच आहे. पण मग गरम वरणाचं पातेलंही जमिनीवर येतं आणि रांगतं मूल त्यात हात घालतं. पातेलं ओट्यावरच राहू द्या, वाटीत वाढून, कोमट करून आणा.

मऊ खिचडी, दुधात कुस्करलेली दादरची भाकरी, कुस्करलेलं केळं, शेव काढून ठेवलेली कमी तिखट भाजी हे सगळं चालतं. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, चणे, मेहरूणची बोरं, अख्खी द्राक्षं पाच वर्षांच्या आत नाहीत. शेंगदाणा श्वासनलिकेत गेला तर कधीकधी दुर्बिणीने काढावा लागतो. कूट करून खुशाल द्या. डब्यातही हे येऊ नये म्हणून पालकांना आधीच सांगा, नाहीतर शेजारच्या मुलाचा दाणा आपलं मूल उचलतं.

आईने काढून दिलेलं दूध वाटीचमच्याने पाजा, बाटलीने नको. आईचं दूध बाहेर चार तास टिकतं असं कुठेतरी वाचाल. ते २५ अंशांच्या खोलीचं गणित आहे. मे महिन्यात आपली खोली ३५ला असते, तेव्हा दूध आलं की फ्रिजमध्ये. लाइट गेली तर? थर्मासच्या डब्यात बर्फ भरून तयार ठेवा. लाइट जाणारच आहे.

दुपार

उन्हाळ्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो. एप्रिल-मे महिन्यांत अंगणातला खेळ सकाळी नऊच्या आत आटपायचा. घसरगुंडी पत्र्याची असेल तर मुलांआधी आपला हात लावून बघायचा. पाणी मागेपर्यंत थांबायचं नाही, दर अर्ध्या-पाऊण तासाला ग्लास फिरवायचा. सहा महिन्यांखालच्या बाळाला मात्र वरचं पाणी नाही, त्याला जास्त वेळा दूध. दुपारपर्यंत लंगोट कोरडाच राहिला, लघवी गडद पिवळी झाली किंवा नेहमी दंगा करणारं मूल मलूल पडून राहिलं, तर ते शहाणं झालं असं समजू नका. त्याला सावलीत घ्या, कपडे सैल करा, ओल्या फडक्याने अंग पुसत राहा. अंग तापलेलं आणि मूल गुंगीत असेल तर पुसत-पुसतच दवाखान्यात न्यायचं.

तान्ह्यांना उताणंच झोपवायचं, पालथं नाही. उशी, गोधडी, मऊ खेळणी पाळण्यात नकोत. साडीची झोळी आमच्या आज्यांनी वापरली, आम्हीही तिच्यातच झोपलो, पण पाळणाघरात मी ती बांधत नाही. झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि तोंड कापडात जातं, आणि इथे एका ताईकडे आठ मुलं असतात. झोपेची वेळ ही ताईंच्या गप्पांची किंवा मोबाइलची नाही. दर दहा मिनिटांनी एकीने फिरून छाती वरखाली होतेय का बघायचं.

आता शिस्त

दोन वर्षांपूर्वी पारोळ्याकडून आलेल्या कुटुंबातला अडीच वर्षांचा मुलगा आमच्याकडे आला. पहिला आठवडाभर तो ढकलायचा, चावायचा, ताट उधळायचा. ताई म्हणाल्या, हट्टी आहे. घरी तो आजीपाशी वाढलेला, निव्वळ अहिराणी बोलणारा. तो म्हणत होता, "माले पानी जोयजे," आणि आमची नवी पुण्याची ताई त्याला विचारत होती, "काय हवंय बाळा?" दोघंही एकमेकांना कळत नव्हती. मी तिला एका कागदावर दहा वाक्यं लिहून दिली. माले भूक लागनी, पोट दुखस, आठे ये, अशी. पंधरा दिवसांत चावणं जवळजवळ बंद. रावेर-यावलकडे लेवा बोली, नंदुरबारकडे भिली, पावरी असेल. मूल घरी ज्या बोलीत बोलतं तिच्यातले भूक, पाणी, शी, दुखतं, नको, आई केव्हा येणार एवढे शब्द प्रवेशाच्या फॉर्मवर लिहून घ्या. आमच्या फॉर्मवर त्यासाठी आता वेगळा रकाना आहे.

चावणं एक ते तीन वर्षांच्या मुलांत अगदी नेहमीचं आहे. त्यावर उलटं चावून दाखवणं हा आपल्याकडचा जुना उपाय, तो सपशेल चुकीचा. आधी ज्याला चावलं त्याच्याकडे जा. जखम साबण-पाण्याने धुवा, त्याला जवळ घ्या. मग चावणाऱ्याच्या उंचीला बसून, हात धरून, एकच वाक्य बोला: "चावायचं नाही, दुखतं." भाषण नको, दोन वर्षांच्या मुलाला दुसरं वाक्य ऐकूच येत नाही. वहीत वेळ लिहा. आठवड्याभराच्या नोंदी बघितल्या की बहुतेक वेळा जेवणाच्या आधीची वीस मिनिटं किंवा एकाच खेळण्यावरची ओढाओढ सापडते. जेवण वीस मिनिटं आधी करा, तसाच दुसरा ट्रक आणा. दोन्ही पालकांना झालं ते सांगा, पण चावणाऱ्याचं नाव दुसऱ्या घरी जाऊ देऊ नका.

काय करायचं नाही ते आता स्पष्ट सांगते. मारणं नाही, चिमटा नाही, कान पिळणं नाही, बाथरूममध्ये कोंडणं नाही. जेवण तोडायचं नाही, नाक दाबून भरवायचंही नाही. "डॉक्टर सुई टोचतील", "पोलीस नेतील" असलं काही नाही. उद्या खरंच डॉक्टरकडे न्यावं लागतं आणि हरवलं तर पोलिसाकडेच जायला सांगायचं असतं. चड्डी ओली झाली म्हणून चारचौघांत लाज काढायची नाही. ताब्यातल्या मुलाशी क्रूरपणे वागणाऱ्या संस्थेच्या कर्मचाऱ्याला २०१५च्या बाल न्याय कायद्यात पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. कॅमेरा लावला म्हणजे झालं, असंही समजू नका. २०१६ साली खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण कॅमेऱ्यात दिसली, पण ती होऊन गेल्यानंतर.

राग तुम्हालाही येणार. रात्रभर झोप नाही, घरी पाहुणे, इथे तीन मुलं एकदम रडतायत, हात उठावासा वाटतो. आमच्याकडे त्यासाठी एक वाक्य ठरलेलं आहे: "मावशी, याला जरा बघता?" ते ऐकलं की दुसरीने मूल घ्यायचं आणि कारण विचारायचं नाही. पहिलीने ओट्यावर जाऊन पाणी प्यायचं. मी स्वतः महिन्यातून दोनदा तरी हे वाक्य म्हणते.

काही झालंच तर

मूल खोकत असेल तर खोकू द्या. आवाजच फुटत नसेल, चेहरा निळा पडत असेल तर वाट बघू नका. एक वर्षाच्या आतलं बाळ हातावर पालथं, डोकं खाली ठेवून पाठीवर पाच थापट्या मारा, मग उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच दाब द्या, असं आलटूनपालटून. मोठ्या मुलालाही पाठीवर थापट्या, मग मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर आत आणि वर दाब. दिसत नसलेली वस्तू तोंडात बोट घालून शोधायची नाही, ती आणखी आत जाते. हे वाचून येत नाही. बालरोगतज्ज्ञांकडून बाहुलीवर करून शिका आणि दरवर्षी पुन्हा करा.

भाजलं तर वीस मिनिटं नळाचं वाहतं साधं पाणी. कोलगेट, हळद, शाई, बर्फ नको. तापात झटके आले तर कुशीवर वळवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबलं नाही तर १०८ला फोन. काही विषारी प्यायलं तर ओकारी काढू नका, बाटली सोबत घेऊन निघा. जुलाबाला ओआरएसचं अख्खं पाकीट एक लिटर पाण्यात, अर्धं पाकीट अंदाजाने ग्लासात नाही. ते पाणी चोवीस तासांनी ओतून द्या.

लहान-मोठं काहीही झालं तरी पालकांना त्याच दिवशी, आपल्याच तोंडून कळलं पाहिजे.

संध्याकाळ

आमच्याकडच्या निम्म्या मुलांच्या आया भुसावळला अपडाउन करतात. गाडी लेट झाली की अर्धा तास फुकटचा वाढतो आणि याच अर्ध्या तासात ताया थकलेल्या, मुलं भुकेली, दार उघडं असतं. म्हणून पाच वाजता एक छोटं खाणं आणि शेवटचं मूल जाईपर्यंत दोघींनी थांबायचं, एकटीने नाही.

मूल कोणाच्या हाती द्यायचं त्यांची नावं आणि फोटो फाइलला लागतात. एकदा मामा म्हणून एक जण आले, पोरगी त्यांना बघून त्यांच्याकडे पळत सुटली, तरीही मी दिली नाही. नाव यादीत नव्हतं. ओट्यावर बसवलं, चहा दिला, आईचा फोन लागायला पंचवीस मिनिटं गेली. मामा खरेच मामा निघाले. ते अजून माझ्याशी बोलत नाहीत, त्यांच्या बहिणीने मात्र दुसऱ्या दिवशी यादीत त्यांचं नाव लिहिलं. आईवडील वेगळे राहत असतील तर एकाच्या तोंडी सांगण्यावर दुसऱ्याला अडवू नका, न्यायालयाच्या आदेशाची प्रत मागा.

सगळे गेले की गॅसचं रेग्युलेटर बंद, कूलरचा प्लग बाहेर, बादल्या पालथ्या. मग संडास, पडद्यामागे, गाद्यांचा ढीग एकदा बघून या. पाटीवर शून्य लिहा आणि मग कुलूप लावा.